अंदमान समुद्र: पृष्ठभाग स्थिर, पण १०० मीटरवरचं तापमान ३ अंशांनी वरखाली. केल्विन लाट, रॉस्बी लाट की भोवरा?

वाघूरकाठ (जळगाव)

नमस्कार मंडळी. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी अंदमान समुद्रातल्या आर्गो फ्लोटांचे (समुद्रात वाहत राहून तापमान-क्षारता मोजणारी स्वयंचलित यंत्रं) प्रोफाइल (खोलीनुसार मोजमापं) घेतले आहेत. चौकट ११ ते १३ उत्तर, ९४ ते ९६ पूर्व. पृष्ठभागाचं तापमान वर्षभर साधारण २७.५ ते ३० अंशांत राहतं, त्यात फारसं काही घडत नाही. १०० मीटरवर मात्र एकाच हंगामात ३ अंशांचा फरक पडतो. २० अंशांची समतापी रेषा (पाणी २० अंशांचं असतं ती खोली, पुढे डी२० म्हणते) डिसेंबरात सगळ्यात खाली जाते आणि मार्च-एप्रिलात वर येते. दोन्ही टोकांत सुमारे ३० मीटरचं अंतर आहे.

आधी स्थानिक वाऱ्यावर संशय होता. इरा-५ (हवामानाचा जागतिक पुनर्विश्लेषण संच) च्या वाऱ्यांवरून एकमन पंपिंग (वाऱ्यामुळे पाण्याचं वर-खाली सरकणं) काढलं. वाऱ्याच्या ताणाचं कर्ल (त्याचा पीळ) १०^-७ न्यूटन प्रति घनमीटर धरलं तरी १२ उत्तरेला महिन्याला जेमतेम ८ मीटर निघतात, आणि बऱ्याच महिन्यांत चिन्हही उलटं येतं. म्हणजे कारण बाहेरून येतंय.

वाचनात सगळीकडे एकच सापडतं: विषुववृत्तावरची केल्विन लाट (विषुववृत्त किंवा किनारा धरून चालणारी मोठी लाट) सुमात्राला धडकते, किनाऱ्याने उत्तरेकडे वळते आणि अंदमान समुद्रात शिरते. पण सुमात्राच्या किनाऱ्यालगत समुद्रपातळी चढल्यानंतर माझ्या चौकटीत डी२० खाली जायला ५ ते ६ आठवडे लागतात. केल्विन लाटेला एवढं अंतर कापायला ८-१० दिवस पुरायला हवेत. उरलेला महिना कुठे जातो?

शिवाय एकाच आठवड्यातल्या, जवळजवळच्या दोन प्रोफाइलमध्ये डी२० कधीकधी ३०-४० मीटरने वेगळी निघते. गुणवत्तेचे फ्लॅग सगळे १ आहेत, म्हणजे सेन्सरमध्ये दोष दिसत नाही.

आणि शेवटचं. मार्गदर्शक म्हणतात, शीर्षकात 'खान्देशातील पर्जन्यमान' यायला हवं, नाहीतर विषय आपल्या भागाशी जोडला जात नाही. हे जमेल का? लॅपटॉप ८ जीबी रॅमचा आहे.

---

अमळनेरकर (सध्या गोवा)

ताई, प्रश्न नीट मांडलाय, त्यामुळे उत्तर आकड्यांतच देता येईल. उरलेला महिना रॉस्बी लाटेने (पश्चिमेकडे सरकणारी संथ लाट) खाल्ला.

केल्विन लाट किनाऱ्याला चिकटून चालते. किनाऱ्यापासून दूर जाल तसा तिचा उंचवटा घातांकाने घटतो आणि घटण्याचं अंतर म्हणजे रॉस्बी त्रिज्या: लाटेचा वेग भागिले कोरिऑलिस गुणांक (पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम मोजणारा). १२ उत्तरेला हा गुणांक प्रति सेकंद ०.००००३०३ आहे. पहिल्या मोडचा (मोड म्हणजे खोलीनुसार लाटेच्या हालचालीचा एक ठरावीक आकार) वेग सेकंदाला २.५ मीटर धरा, त्रिज्या निघते ८२ किमी. दुसऱ्या मोडचा वेग १.६ धरा, त्रिज्या ५३ किमी.

इथे एक काळजी घ्या. नकाशावरचा म्यानमारचा किनारा धरू नका. मेर्गुई द्वीपसमूहापुढचा उथळ भाग चांगला रुंद आहे, आणि १०० मीटरवर बसलेली थर्मोक्लाइन (तापमान झपाट्याने उतरतं तो थर) ५० मीटर खोलीच्या पाण्यात शिरणार कशी? लाट चालते ती उथळ भागाच्या कडेने. म्हणून २०० मीटरची समखोली रेषा हाच तुमचा किनारा. ती ९७ पूर्वेजवळ धरली (तुमच्या अक्षांशाला नेमकी कुठे येते ते खोलीच्या नकाशावर तपासा) तर चौकटीचा मध्य तिथून सुमारे २२० किमीवर पडतो. ८२ किमी त्रिज्येच्या लाटेचा तिथे उरतो ७ टक्के भाग. किनाऱ्याशी डी२० जरी ४० मीटर हलली तरी तुमच्याकडे ३ मीटरसुद्धा नाही. म्हणजे तुमच्या फ्लोटांना केल्विन लाट दिसतच नाही.

दिसते ती तिची पोर. किनाऱ्याने जाताना केल्विन लाट पश्चिमेकडे रॉस्बी लाटा सोडत जाते. लांब रॉस्बी लाटेचा वेग म्हणजे बीटा गुणिले रॉस्बी त्रिज्येचा वर्ग. १२ उत्तरेला बीटा (कोरिऑलिस गुणांक उत्तरेकडे ज्या दराने वाढतो तो) २.२४ × १०^-११ आहे. पहिल्या मोडला सेकंदाला १५ सेंमी, म्हणजे दिवसाला १३ किमी येतात. दुसऱ्याला ६ सेंमी, म्हणजे दिवसाला ५.४ किमी. आता बेरीज करा. विषुववृत्ताशी असलेला सुमात्राचा किनारा ते १२ उत्तर, कडेकडेने अंतर सुमारे १७०० किमी. पहिल्या मोडची केल्विन लाट ते ८ दिवसांत कापते, पुढचे २२० किमी रॉस्बी लाटेला १७ दिवस, एकूण २५. दुसऱ्या मोडला १२ अधिक ४०, एकूण ५२ दिवस. तुमचे ५-६ आठवडे, म्हणजे ३५ ते ४२ दिवस, बरोबर या दोहोंच्या मध्ये पडतात. दोन्ही मोड मिसळलेत. म्हणून एकच वेग काढून 'हा मोड अमुक' असं ठोकून देऊ नका. परीक्षक पहिलं बोट तिथेच ठेवेल.

मोड वेगळे करायला आर्गोची खोली कामाला येते, कारण फ्लोट २००० मीटरवरून वर येतो. पहिल्या मोडमध्ये वरपासून खालपर्यंत सगळे थर एकाच दिशेने सरकतात. दुसऱ्यात थर्मोक्लाइन खाली जात असताना खोलवरचं पाणी वर सरकतं आणि मध्ये एक शून्यरेषा असते. ती कुठे आहे हे पुस्तकातून उचलू नका. चौकटीतल्या सरासरी घनतेच्या प्रोफाइलवरून स्थिरता वारंवारिता (घनता खोलीनुसार किती वेगाने वाढते ते दाखवणारी) काढा आणि मोडचं समीकरण सोडवा. लाटांचे वेगही त्यातूनच निघतील. मग माझे २.५ आणि १.६ सोडून तुमचे आकडे वापरा.

हंगामाचं गणितही जुळतं. विषुववृत्तावर वसंतात आणि शरदात पश्चिमेचे वारे वाहतात, त्यांच्यामुळे पूर्वेकडे जोरदार प्रवाह धावतो (विर्टकी यांनी १९७३ मध्ये दाखवलेला) आणि थर्मोक्लाइन खाली दाबणारी लाट निघते: एक एप्रिल-जूनमध्ये, दुसरी ऑक्टोबर-डिसेंबरमध्ये. यांच्या मधल्या काळात, जानेवारी-मार्च आणि जुलै-सप्टेंबरमध्ये, थर्मोक्लाइन वर उचलणाऱ्या लाटा येतात. तुमचा डिसेंबरचा तळ आणि मार्च-एप्रिलचा उंचवटा म्हणजे शरदातली लाट आणि जानेवारीनंतरची लाट, दोन्ही उशिरा पोचलेल्या.

पडताळा घ्यायचा तर हिंदी महासागराच्या धन द्विध्रुवाची (पश्चिमेकडे पाणी नेहमीपेक्षा उष्ण, पूर्वेकडे गार) वर्षं काढा. त्या वर्षी विषुववृत्तावर पूर्वेचे वारे येतात आणि शरदातली दाबणारी लाट क्षीण होते किंवा येतच नाही. २०१९ आर्गोच्या काळात आहे. १९९७ साठी आर्गो नाही, पण अल्टिमीटर (उपग्रहावरून समुद्रपातळी मोजणारं यंत्र) आहे. तुमची साखळी खरी असेल तर या वर्षांच्या डिसेंबरात डी२० नेहमीइतकी खाली जाता कामा नये.

---

वाघूरकाठ (जळगाव)

सर, खूप आभार. २०० मीटरच्या रेषेचा विचारच केला नव्हता, अंतर सरळ किनाऱ्यापासून मोजत होते. दोन शंका. समुद्रपातळी आणि डी२० यांचं नातं मी सरळ रेषा बसवून काढलं, पण सप्टेंबर-ऑक्टोबरचे बिंदू रेषेपासून फार लांब जातात. आणि शेजारच्या प्रोफाइलमधल्या ३०-४० मीटरचं काय? ते रॉस्बी लाटेने होणार नाही ना, ती तर महिन्यांच्या चालीने चालते?

---

पांझरा (धुळे)

त्या ३०-४० मीटरबद्दल मी लिहितो. अमळनेरकरांचं गणित बरोबर आहे, पण ते वापरण्याआधी ही भानगड निस्तरली नाही तर सगळं वाया जाईल.

अंदमान समुद्र अंतर्गत लाटांचं (पृष्ठभागाखाली, थरांच्या सीमेवर चालणाऱ्या) माहेरघर आहे. बेटांमधल्या उंबरठ्यांवरून भरतीचं पाणी आतबाहेर होतं आणि दर १२.४२ तासांनी थर्मोक्लाइनवर एक लाट सुटते. पेरी आणि शिम्के यांनी १९६५ मध्ये सुमात्राच्या वायव्येला ८० मीटरच्या अंतर्गत लाटांची नोंद छापली. १९८० मध्ये ऑसबोर्न आणि बर्च यांनी याच समुद्रातल्या एकाकी अंतर्गत लाटांवर लिहिलं. त्यांच्या मानाने तुमचे ३०-४० मीटर म्हणजे काहीच नाही. सेन्सर ठणठणीत आहे, समुद्रच तेवढा हलतो.

आता हिशोब. थर्मोक्लाइनमध्ये तापमान मीटरला ०.१ अंशाने उतरतं असं धरा (६० मीटरवर २७, १८० मीटरवर १५, म्हणजे १२० मीटरमध्ये १२ अंश). अंतर्गत भरतीने पाणी १५ मीटर वर आणि १५ मीटर खाली गेलं, तरी १०० मीटरवरचं तापमान अर्ध्या दिवसात ३ अंशांनी बदललं. हंगामी फरकाएवढंच! एका प्रोफाइलवरून 'थर्मोक्लाइन वर आली' म्हणणं धोक्याचं आहे ते यामुळे.

याहून वाईट म्हणजे १० दिवसांचा फेरा. फ्लोट नेमक्या १० दिवसांनी वर येत असेल तर २४० तासांत मुख्य चांद्र भरतीचे १९.३२ फेरे होतात. अपूर्णांक ०.३२ उरतो, आणि ती भरती तुमच्या आलेखात ३१ दिवसांची लाट होऊन बसते. आठवडे बाजाराला दर दहा दिवसांनी चक्कर मारली तर बाजार सत्तर दिवसांनी एकदाच भरतो असं वाटेल, तसं. ३१ दिवस म्हणजे नेमका तो काळ जिथे मॉन्सूनच्या ३०-६० दिवसांच्या हेलकाव्यांशी नातं सापडल्याचा आनंद होतो. ५ दिवसांच्या फेऱ्याला हीच भरती १४.८ दिवसांची होऊन येते. म्हणून वर्णपटात (कोणत्या कालावधीची लाट किती जोरात ते दाखवणारा आलेख) ३१ किंवा १४.८ च्या आसपास शिखर दिसलं तर आधी फ्लोटचा फेरा बघा. फेऱ्याची वेळ प्रत्येक प्रोफाइलच्या तारखेत तासा-मिनिटांसकट असते. ती गोल करून नुसती तारीख ठेवली असेल तर आधी ते दुरुस्त करा.

आणखी एक गोष्ट फार जण विसरतात. फ्लोट २००० मीटरवरून सेकंदाला साधारण १० सेंमीने वर येतो, म्हणजे साडेपाच तास लागतात. अर्धा भरतीचा फेरा तेवढ्यात उलटतो. प्रोफाइलचा तळ आणि माथा भरतीच्या वेगवेगळ्या अवस्थांत मोजले जातात. खोलवर पाणी वर आणि वरच्या थरात खाली असं दिसलं की ते दुसऱ्या मोडसारखं भासतं. अमळनेरकरांनी सांगितलेली मोडांची फोड एकेका प्रोफाइलवर करू नका, सरासरीवरच करा.

उपाय साधा आहे, फक्त भरपूर प्रोफाइल लागतात. १५ मीटर उंचीच्या भरतीचा वर्गमूळ-सरासरी गोंधळ १०.६ मीटर. वेगवेगळ्या फ्लोटांचे ४ प्रोफाइल सरासरीत आले तर तो ५.३ वर येतो, ९ आले तर ३.५ वर. ३० मीटरचा हंगामी फरक पकडायला ४ पुरतात, ८ मीटरचा वर्षावर्षातला फरक पकडायला ९ तरी हवेत. सगळे प्रोफाइल एकाच फ्लोटचे असतील तर हे सूत्र लागू होत नाही, कारण त्यांच्या अवस्था एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. ज्या महिन्यात ४ पेक्षा कमी प्रोफाइल मिळतात तो महिना रिकामाच दाखवा. भरून काढू नका.

तुलनेला नांगरलेला बॉय असेल तर बघा. एनआयओटीच्या (राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्था) ओम्नी बॉयवर ५०० मीटरपर्यंत तापमान मोजतात. रामा या हिंदी महासागरातल्या बॉयच्या जाळ्यातला ९० पूर्व, १२ उत्तरेचा बॉय तुमच्याच अक्षांशावर आहे, पण तो बेटांच्या पश्चिमेला, म्हणजे बंगालच्या उपसागरात. दैनिक सरासरीत अर्ध्या दिवसाची भरती बरीचशी धुऊन निघते, म्हणून डी२० चा हंगामी आराखडा ताडून बघायला बरा.

---

अमळनेरकर (सध्या गोवा)

पांझराभाऊंशी सहमत. समुद्रपातळीच्या शंकेचं उत्तर देतो.

दोन थरांचा समुद्र धरला तर पातळी आणि थर्मोक्लाइन उलट दिशांनी हलतात आणि त्यांचं गुणोत्तर म्हणजे दोन थरांतल्या घनतांचा फरक भागिले घनता. फरक घनमीटरला ४ किलो धरा: ४ भागिले १०२५, म्हणजे २५६ मध्ये १. समुद्रपातळी १ सेंमी चढली की थर्मोक्लाइन सुमारे अडीच मीटर दबते. तुमच्या ३० मीटरला अल्टिमीटरमध्ये १२ सेंमीच्या आसपास दिसायला हवेत. तेवढे दिसले तर साखळी जुळली. पातळी ४ सेंमीच हलली आणि डी२० ३० मीटर, तर एकतर अंतर्गत भरतीचा कचरा शिल्लक आहे किंवा दुसरा मोड जोरात आहे, कारण त्याच्यात तेवढ्याच थर्मोक्लाइनसाठी पातळी कमी हलते.

सप्टेंबर-ऑक्टोबरचे बिंदू रेषेबाहेर जातात ते गोड्या पाण्यामुळे असण्याची शक्यता मोठी. इरावती आणि साल्वीन पावसाळ्यात भरून वाहतात. वरच्या २० मीटरची क्षारता २ ने घटली तर घनता घनमीटरला १.५ किलोने कमी होते आणि समुद्र ३ सेंमीने फुगतो. थर्मोक्लाइन जागची हललेली नसते, पण तुमची रेषा सांगेल की ती साडेसात मीटर दबली. आर्गोमध्ये क्षारता असतेच. तिच्यावरून वरच्या ५० मीटरचा हा फुगवटा प्रत्येक प्रोफाइलला वेगळा काढा, पातळीतून वजा करा आणि मग रेषा बसवा.

पृष्ठभागाचं तापमान का हलत नाही याचंही उत्तर यातच आहे. गोड्या पाण्याचा हलका थर वर बसला की वारा पाणी ढवळतो ते त्या थरापुरतंच. थर्मोक्लाइन ३० मीटर वर आली तरी तिच्या आणि ढवळलेल्या थराच्या मध्ये अडसर-थर उरतो, गार पाणी वर मिसळत नाही. सोमालियाच्या किनाऱ्यासारखं इथे लगेच वर गारठा दिसत नाही तो त्यामुळे.

---

फाइलवाला (शिरपूर)

८ जीबी रॅम पुरते भो, घाबरू नका ताई. ८० ते १०० पूर्व, ० ते २३ उत्तर, समुद्रपातळीची पाव अंशाची जाळी म्हणजे साधारण ७३६० बिंदू. ३० वर्षांचे दिवस ११ हजार. एका चलाला ३२५ एमबी लागतात. अष्टमांश अंशाची नवी जाळी घेतलीत तर चौपट होईल, तेव्हा ती फक्त अंदमान समुद्रापुरती घ्या. कोपर्निकस मरीनचं (युरोपची समुद्र-माहिती सेवा) पायथन टूलबॉक्स सर्व्हरवरच चौकट कापून देतं, नोंदणी फुकट आहे. एकेका वर्षाची फाइल वेगळी उतरवा. लाइट गेली तर तेवढीच पुन्हा.

आर्गोचं सगळं भांडार उतरवू नका. आधी फक्त प्रोफाइलची निर्देशांक फाइल घ्या, तिच्यात अक्षांश-रेखांश-वेळ असते, त्यातून चौकटीतले निवडा आणि तेवढ्याच फाइली ओढा. विलंबित तपासणी झालेल्या फाइलींचं नाव 'डी'ने सुरू होतं, ताज्यांचं 'आर'ने. डी असेल तिथे दुरुस्त केलेली चलं (ॲडजस्टेड) वाचा, मूळ चलं नकोत. क्षारतेत हा फरक जास्त जाणवतो, कारण तो सेन्सर काळानुसार सरकतो; तापमान सहसा शाबूत असतं. डी२० काढताना २० अंशांच्या वरच्या-खालच्या दोन मोजमापांत २० मीटरपेक्षा जास्त अंतर असेल तर तो प्रोफाइल डी२० साठी सोडून द्या. जुन्या फ्लोटांत असं होतं.

एक बारीक खोच: कोपर्निकसची पातळी-तफावत १९९३ ते २०१२ च्या सरासरीवरून मोजलेली असते, तुमची आर्गोची सरासरी तुमच्या प्रोफाइलच्या वर्षांची. दोन्हींचा पाया वेगळा, त्यामुळे पातळी वाढण्याचा दीर्घकालीन कल मध्येच घुसतो. दोन्हींतून एकाच वर्षांची सरासरी वजा करा, आणि तुलना हंगामाची असेल तर कलही काढून टाका.

---

गिरणा (चाळीसगाव)

भोवऱ्याबद्दल कोणीच बोललं नाही, आणि शीर्षकात तर तो आहे.

नकाशावर रॉस्बी लाट आणि भोवरा दोन्ही पश्चिमेकडे जवळपास त्याच चालीने सरकतात, त्यामुळे रेखांश-काळाच्या आलेखावरच्या तिरप्या पट्ट्या बघून कळत नाही. दोन परीक्षा आहेत. पहिली: फिरण्याचा वेग आणि सरकण्याचा वेग यांचं गुणोत्तर. समुद्रपातळी ८० किमीत १२ सेंमी चढत असेल तर १२ उत्तरेला भूवलनी प्रवाह (पातळीचा उतार आणि पृथ्वीचं फिरणं यांच्या तोलातून वाहणारा) सेकंदाला ४८ सेंमी येतो. सरकण्याचा वेग १५ सेंमी. गुणोत्तर ३ च्या वर. १ पेक्षा मोठं असेल तर भोवरा आपलं पाणी पोटात घेऊन चालतो. १ पेक्षा लहान असेल तर नुसती लाट पुढे जाते, पाणी मागे राहतं.

दुसरी परीक्षा आर्गोतून, आणि ती मला जास्त भरवशाची वाटते. तापमान १०० मीटरवर बघण्याऐवजी एकाच घनतेच्या पृष्ठावर बघा, समजा सिग्मा २३.५ (घनमीटरच्या किलोंतून १००० वजा केलेली घनता). थर नुसता वरखाली झाला असेल तर त्या पृष्ठावरचं तापमान आणि क्षारता जागची हलत नाहीत. ती बदलली तर दुसरीकडचं पाणी आलंय: भोवऱ्याने आणलं किंवा टेन डिग्री चॅनेलमधून (अंदमान आणि निकोबार यांच्यामधली सामुद्रधुनी) उपसागराचं आत शिरलं. ३ अंशांपैकी किती वरखालीमुळे आणि किती पाणी बदलल्यामुळे, हे वेगळं दाखवलंत तर प्रबंधाचं निम्मं वजन तिथेच येईल.

उष्ण आणि शीत भोवऱ्यांची यादी हवी असेल तर अविसोचा (फ्रान्सची उपग्रह-समुद्रपातळी सेवा) भोवऱ्यांचा मागोवा-संच आहे, त्यात केंद्र, त्रिज्या, फिरण्याचा वेग रोजचा मिळतो. पण लक्षात ठेवा, ती यादी जाळीच्या नकाशांवरून काढलेली आहे. उपग्रहांच्या वाटांमधल्या जागा भरून काढताना लहान भोवरे पुसले जातात. अंदमान समुद्र मुळात अरुंद, बेटांच्या पूर्वेला तर ५०-६० किमी त्रिज्येचे भोवरे त्या यादीत न येताच निघून जातील. डिसेंबर २०२२ मध्ये सोडलेल्या स्वॉट उपग्रहाचा १२० किमी रुंदीचा पट्टा हे बघू शकतो, मात्र एकाच जागी परत यायला त्याला २१ दिवस लागतात.

बेटांची आणखी एक गंमत. उत्तर गोलार्धात केल्विन लाट किनारा उजव्या हाताला ठेवते. म्हणून खोऱ्याच्या कडेने ती घड्याळाच्या उलट फिरते, पण बेटाभोवती घड्याळाप्रमाणे. अंदमान बेटांच्या पश्चिमेला ती उत्तरेकडे जाईल आणि पूर्वेला, म्हणजे तुमच्या चौकटीच्या बाजूला, दक्षिणेकडे उतरेल. तुमची चौकट ९४ पासून सुरू होते, बेटं ९२-९३ वर. पश्चिमेकडचे प्रोफाइल वेगळे काढून बघा, त्यांच्यात दक्षिणेकडे सरकणारा संकेत मिसळलेला असू शकतो.

आता पाऊस. मार्गदर्शकांशी जपून बोला, पण शीर्षकात खान्देशचं पर्जन्यमान घालू नका. आपल्याकडे मोठा पाऊस येतो तो बरेचदा बंगालच्या उपसागरात तयार होऊन पश्चिम-वायव्येला सरकणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांतून. मध्य प्रदेशावरून ते तापीच्या खोऱ्यात पोचले की हतनूर धरणाचे दरवाजे उघडतात. २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीला पूर आला आणि उकाई धरणाखाली सुरत बुडालं, तोही तापीच्या खोऱ्यात पडलेल्या पावसाचाच. पण १०० मीटरवरची उष्णता आणि जळगावातला मिलिमीटर यांच्या मध्ये पृष्ठभागाचं तापमान, अडसर-थर, वाऱ्याची रचना, पट्ट्याची वाट अशा पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीवर संबंध पातळ होतो. वर अमळनेरकरांनी सांगितलंच आहे की पृष्ठभाग हललेलाच नाही. मग खालची उष्णता हवेला कळणार कशी? वीस-बावीस वर्षांच्या आर्गोवरून असा सहसंबंध काढलात तर बावीसच बिंदू असतील, आणि बावीस बिंदूंवर योगायोगानेही ०.४ चा सहसंबंध सहज येतो.

आपल्या भागाशी नातं दाखवायचंच असेल तर एक प्रामाणिक वाट आहे: चक्रीवादळांना मिळणारी उष्णता. वादळ पाणी ढवळतं, त्याला १०० मीटरवरचं तापमान खरंच भेटतं. २६ अंशांच्या वरची उष्णता मोजा. पृष्ठभाग २९ च्या आसपास, २६ अंशांची रेषा ९० मीटरवर आणि सरासरी आधिक्य अडीच अंश असेल तर चौरस सेंटिमीटरला ९२ किलोज्यूल येतात. पृष्ठभाग जवळपास तेवढाच, पण रेषा ५० मीटरवर आणि आधिक्य २ अंश, तर ४१. निम्म्याहून कमी. २००८ मध्ये नर्गिस वादळ २ मे रोजी इरावतीच्या त्रिभुज प्रदेशावर धडकण्याआधी झपाट्याने बळावलं, तेव्हा त्याच्या वाटेत खोलपर्यंत उष्ण पाणी होतं हे नंतरच्या अभ्यासांत दाखवलंय. तुमच्या डी२० च्या शेजारी २६ अंशांची रेषा काढायला एक ओळ जास्त लिहावी लागेल. ते प्रकरण घाला आणि खान्देशासाठी प्रस्तावनेत एक परिच्छेद ठेवा.

---

वाघूरकाठ (जळगाव)

सर्वांचे आभार. २३.५ सिग्मावरचं काम आज सुरू केलं. एक शेवटचं: डिसेंबरात त्या पृष्ठावर क्षारता ०.१५ ने कमी दिसते, पण तापमानही ०.३ ने कमी. हे दोन्ही एकत्र कमी होणं बरोबर आहे का?

---

गिरणा (चाळीसगाव)

बरोबरच आहे. घनता तीच ठेवायची तर क्षारता घटली की तापमानही घटायलाच हवं, नाहीतर तो पृष्ठ २३.५ चा राहणार नाही. २४ अंशांच्या आसपास क्षारतेतले ०.१५ घनतेला ०.११ ने हलकं करतात, आणि तापमानातले ०.३ ते जवळजवळ ०.०९ ने भरून काढतात. उरलेला किरकोळ फरक आकडे गोल केल्याचा. म्हणजे गणनेत गडबड नाही, पाणी खरंच थोडं वेगळं आहे. हे ०.३ तुमच्या एकूण ३ अंशांतला पाणी बदलल्याचा भाग, बाकीचं वरखाली. फक्त हे प्रोफाइल डी फाइलींतले आहेत ना ते बघा, क्षारतेत ०.१५ हा सरकलेल्या सेन्सरचा आकडाही असू शकतो. तोच फ्लोट १५०० मीटरवर काय दाखवतो ते तपासा. तिथे क्षारता वर्षभरात हलायला नको. तिथेही ०.१५ चा फरक आला तर दोष सेन्सरचा.